आईबापांच्या ताटातला केक

टँटी इस्मे कुणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. लग्नाला गेली तरी पिशवीतून स्वतःची बाटली काढते आणि प्यायल्यावर झाकण घट्ट लावून ती मांडीवर धरून बसते. खुर्ची आधी उलटी करून बघते, मग टेकते. कुणी 'कशी आहेस?' विचारलं तर 'का विचारतोस?' म्हणते. सारं कारियाकू बेट तिला टँटी म्हणतं, मावशी म्हणावं तसं. पण ज्याच्या हातचा घास तिने तोंडात घातला असेल असा एकही भाचा बेटावर सापडायचा नाही.

माझं अंगण तिच्या अंगणाला लागून आहे. मधल्या कुंपणाची एक फळी सैल आहे, आणि तिच्याबद्दल मला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं त्या फटीतून आलेलं आहे. फळी मीच सैल केली असं ती म्हणते. म्हणू दे.

तर अशी ही बाई नाताळ आला की अख्ख्या वाडीला केक वाटते. आटवलेल्या दुधाच्या रिकाम्या डब्यांत भाजलेले, मुठीएवढे, काळेकुट्ट केक. त्यातल्या मनुका, आलुबुखार आणि चेरी आदल्या नाताळापासून जॅक आयर्नमध्ये भिजत असतात. ही आमची रम अशी की तिच्यात बर्फ टाकला तर तो तरंगत नाही, तळाला जातो. ती बरणी टँटीच्या पलंगाखाली असते आणि झाकणाभोवती गाठी मारलेला दोरा असतो. गाठ कशी मारली होती ते तिला वर्षभर आठवतं. साखर जाळायच्या वेळी ती सगळ्यांना अंगणाबाहेर काढते. साखर काळी व्हायला हवी, कडू नको, आणि त्या दोहोंमधला क्षण कुणाच्या तरी नजरेने हुकतो अशी तिची खात्री आहे. मग जायफळ, दालचिनी, लवंग. अंगणातली दगडी भट्टी पेटली की माझ्या घरातले पडदेसुद्धा केकचा वास द्यायला लागतात.

केक द्यायला ती स्वतः दारोदार जाते, आणि दिला म्हणून निघून जात नाही. दारातच उभी राहते.

"कापा," म्हणते.

"टँटी, आत्ताच जेवलो गं. संध्याकाळी खाऊ की."

"आत्ता कापा. मी बघते."

मग घरातल्या प्रत्येकाने तिच्यासमोर एकेक तुकडा गिळायचा. लोकांना वाटतं, काय हे प्रेम! प्रेम कसलं, चोराच्या मनात चांदणं. लोकांनी दिलेले केक ती स्वतः बोकडाला घालते, म्हणून तिला वाटतं लोकही तेच करत असतील. माझा केक दरवर्षी त्या बोकडाच्या पोटात गेलेला मी फटीतून पाहिला आहे. नाताळात तो बोकड कुंपणाला टेकून उभा असतो आणि त्याचे पाय चार दिशांना जात असतात. एकदा मी तिला विचारलं, "टँटी, माझ्या केकमध्ये मी काय घातलं असेल असं तुला वाटतं?"

"ते मला कळलं असतं, मर्ल, तर मी खाल्ला नसता का?" ती म्हणाली.



एक केक मात्र बोकडाला जात नसे. तो समोरच्या बेटावरून, पेटीटहून, बोटीने येई. ओडीलचा. ओडील म्हणजे टँटीची धाकटी आणि एकुलती बहीण. लग्न होऊन पेटीटला गेली, तिथेच विधवा झाली, तिथेच राहिली. बोट तासाभराची, पण दोघी वीस वर्षांहून जास्त काळ बोलल्या नव्हत्या. कारण त्यांची आई.

मा फिलोमीन शहाऐंशी वर्षांची होऊन गेली. शेवटच्या नाताळात ओडील केक घेऊन आली, म्हातारीने बसल्या बसल्या एक तुकडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. शहाऐंशीव्या वर्षी माणूस न उठण्यासाठी केकची गरज नसते, हे साऱ्या वाडीने टँटीला सांगितलं. पण तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. "धडधाकट होती," ती म्हणायची. "तिचा केक खाल्ला आणि गेली." मयताच्या वेळी तिने ओडीलला शवपेटीजवळ उभं राहू दिलं नाही. तेव्हापासून तिच्यासमोर ओडीलचं नाव काढायची बंदी.

तरी ओडीलचा केक दर नाताळात येतच राहिला. बोटवाला ऑल्डन पत्र्याचा डबा आणून कुंपणावर ठेवायचा. दरवर्षी तो तोंड उघडायचा, "टँटी, ओडील म्हणत होती..." आणि दरवर्षी टँटी आतून ओरडायची, "मी विचारलं का?" बिचारा जायचा. बोकडाला हा केक घालायची तिची हिंमत नव्हती. बोकड मेला तर?

म्हणून तो केक ती आईबापांच्या ताटात ठेवायची. आमच्याकडे मोठ्या सणाला गेलेल्यांचं ताट मांडतात. आतल्या खोलीत पांढरं कापड, मेणबत्ती, त्यांना आवडायचं ते सगळं वाढलेलं. मग दार लावून घ्यायचं. रात्र त्यांची. सकाळी दार उघडलं की वाडीतली पोरं त्या ताटावर तुटून पडतात. आणि गेलेली माणसं स्वप्नात येऊन बोलतात, अगदी स्पष्ट. कुणाचा बाप तळलेला मासा मागतो, कुणाची आजी विचारते माझ्या थडग्याला चुना कधी लावणार.

टँटीचा हिशोब सरळ होता. मेलेल्याला विष बाधत नाही, पण चव तर कळते. आई चाखेल आणि त्या दिवशी केकमध्ये काय होतं ते स्वप्नात येऊन सांगेल.

मा फिलोमीन स्वप्नात यायची. छपराचा पत्रा सैल झालाय म्हणाली, तो खरंच सैल होता. बोकड लांब बांध म्हणाली. केकबद्दल मात्र ताकास तूर लागू देईना. पोरं सकाळी तो केक खाऊन खेळायला पळायची आणि ठणठणीत असायची. मी टँटीला म्हटलं, "बघ, काही झालं का त्यांना?"

"त्यांच्या नावाने केलेला नाही तो," ती म्हणाली. "ज्याच्या नावाचा त्यालाच लागतो."

आता राहिला डबा. रिकामा डबा परत पाठवायचा नाही ही रीत बहिणीशी वैर असलं तरी मोडता येत नाही. टँटी त्यात लिंबं घालायची, आंबट आणि सालपट जाड असलेली, मुद्दाम निवडून. पण दोन वर्षांपूर्वी नाताळानंतर तिच्या छपरावर घुबड येऊन बसलं आणि ओळीने तीन दिवस उठेना. हे ओडीलचंच काम, टँटी म्हणाली. घुबड असो की रात्री उडत येऊन रक्त पिणारी चेटकी म्हातारी, मिठापुढे कुणाची मात्रा चालत नाही. तिने डबा काठोकाठ बारीक मिठाने भरला, वरून कापड बांधलं आणि ऑल्डनच्या हातात दिला. मी फटीतून बघत होते. "घे म्हणावं," ती पुटपुटली. घुबड उडालं, आणि ते मिठाने उडालं असं ती अजून सांगते.

मग गेला नाताळ. ओडीलचा केक आला, ताटात गेला, दार लागलं. सकाळी पोरं आत घुसली. सगळ्यात आधी माझा नातू केकचा तुकडा तोंडात घालून बाहेर आला आणि अंगणात येताच थुंकला. मग दुसरं पोरगं थुंकलं. एक पोरगी तर जीभ बाहेर काढून फ्रॉकला पुसायला लागली.

टँटी दारात उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंदच म्हणेन, अशा प्रसंगी तो शोभत नसला तरी.

"बोलली!" ती म्हणाली. "आई बोलली!"

मी केकचा कण जिभेवर ठेवला. समुद्राचं पाणी परवडलं. "टँटी, हे मीठ आहे. नुसतं मीठ."

तिचे डोळे बारीक झाले. "माझं मीठ," ती म्हणाली. "मी पाठवलेलं मीठ तिने मलाच परत खायला घातलं. माझी राखण माझ्यावरच उलटवली. बघितलंस? तेव्हा काय केलं असेल तिने आईला! मर्ल, चप्पल घाल."

"कुठे?"

"पेटीटला. तू साक्षीदार."

मला जायचं नव्हतं, घरी भांडी पडली होती. पण वीस वर्षं जिचं नाव काढायची बंदी, तिच्या दारात ही बाई काय करते ते न बघता मी घरी राहीन, अशी मी नाही.

उरलेला केक तिने फडक्यात बांधला आणि मांडीवर घट्ट धरून बोटीत बसली. ऑल्डन तिला बघून वल्हंच विसरला.

"टँटी, तू? बरं केलंस. मी दरवर्षी सांगायला बघतो, ओडीलचे..."

"बोट चालव. वाटेत तूच तर काही मिसळत नव्हतास ना?"

"मी?"

"तिला काय सांगायचास माझ्याबद्दल?"

ऑल्डनने कान खाजवला. "सांगायचो की खाल्ला. आवडला. बोटं चाटली."

"खोटारड्या!"

"नाताळात काय सांगू मग, बाई?" तो म्हणाला आणि पुढचं सगळं अंतर समुद्राकडे बघत राहिला.

ओडीलचं घर धक्क्याच्या वरच आहे. ती पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आम्ही जवळ गेलो तरी तिने मान वर केली नाही, फक्त हात थांबले.

"कोण?"

टँटी तशीच पुढे गेली.

"ऑल्डन, कुणाला आणलंस? बाईमाणूस आहे. डावा पाय ओढत चालतेय." ओडीलच्या मांडीवरचं भांडं हललं. "आपल्या आईचा पाय असा ओढायचा. इस्मे?"

"डोळे फुटले का तुझे? दिसत नाही?" टँटी म्हणाली.

"नाही दिसत," ओडील म्हणाली. "दोन वर्षं होतील. आधी उजवा गेला, मग डावा. साखरेचा आजार."

हे मला ठाऊक नव्हतं, आणि टँटीला तर कोण सांगणार? पण टँटी ती टँटीच. तिने वाकून ओडीलच्या तोंडासमोर हात हलवला. मग जीभ काढून दाखवली. मी तिला चिमटा काढला. ओडीलचे डोळे दुधाळ होते आणि समुद्राकडेच बघत होते.

"ढोंग नाही ते, टँटी," ऑल्डन मागून म्हणाला. "तुला सांगायला बघत होतो, तू ऐकायचीस कुठे!"

टँटीने फडकं सोडून केक पायरीवर ठेवला. आवाज चढवायचा म्हणून चढवला, पण तो मघासारखा चढला नाही. "मी विचारायला आलेय. यात काय घातलंस?"

"तुझीच साखर," ओडील म्हणाली.

"कसली साखर?"

"तू पाठवलीस ती. वीस वर्षं लिंबं पाठवलीस, आंबट. मी म्हणायचे, राग आहे, असू दे, लिंबं तरी पाठवते. गेल्या वेळी डबा उघडला, बोटं घातली तर बारीक बारीक, मऊ. साखर! मला इतकं रडू आलं इस्मे, काय सांगू. म्हटलं, गेला राग. त्यातला एक कण वापरला नाही वर्षभर. म्हटलं, हिच्याच केकमध्ये घालायची. दोघींचा हात लागेल त्याला."

मी टँटीकडे बघितलं नाही. बघवेना.

"चाखली नाहीस?" टँटीने विचारलं. फार हळू.

"मी कशी चाखणार? डॉक्टरने साखरेला हात लावू नको म्हणून शपथ घातलीय. शेजारीण भट्टी पेटवून देते, बाकी सगळं हाताने. पीठ हाताने कळतं, जायफळ वासाने कळतं. जाळायला दुकानातली साखर घेते, तीसुद्धा वासाने कळते बघ, कडू होण्याआधी तिचा वास बदलतो." ती हसली. "चव तेवढी कळत नाही. ती तुझ्याकडूनच कळायची."

"माझ्याकडून काय?"

"अगं, दरवर्षी त्यासाठीच तर पाठवते. आईने त्या दिवशी माझा केक खाल्ला ना, आठवतं? एक घास खाल्ला आणि म्हणाली, कोरडा झालाय, इस्मेला विचारून कर. तुला विचारणार, तेवढ्यात ती गेली, आणि तू मला घरात घेईनास. मग मी करून पाठवत राहिले. दरवर्षी दोन थेंब रम जास्त. ऑल्डन येऊन म्हणायचा, आवडला, बोटं चाटली. पण कोरडा होता का ते काही तो सांगेना." तिने हात पुढे करून पायरी चाचपली, केक सापडला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "थोडा खाल्लेला दिसतोय. आता तूच आलीस तर तूच सांग. कोरडा आहे का?"

वीस वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर टँटी मेलेल्या आईला विचारत होती, ते आईच्या शब्दांत हे असं होतं. आई जाण्याआधी विषाबद्दल नव्हती बोलत. केक कोरडा झाला म्हणत होती. मला हसावं की रडावं कळेना.

टँटीने केकचा मोठा तुकडा मोडला. मला वाटलं, आता ती सांगणार. मिठाचं सांगणार, घुबडाचं सांगणार, सगळंच. तिने तो तुकडा तोंडात घातला. चावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मिठाचं की कशाचं ते तिलाच माहीत. तिने तो गिळला.

"कोरडा नाही," ती म्हणाली.

"आईच्यासारखा?"

"आईच्यासारखा."

ओडीलने मोठा श्वास सोडला. मग लहान पोरीसारखा हात पुढे केला. "मग मला एक कण दे. डॉक्टरला कोण सांगतंय? तुझ्या साखरेचा आहे, एवढ्याने काही मरत नाही."

टँटीने केक झटकन उचलून छातीशी धरला. जन्मभर लोकांच्या दारात उभं राहून 'आत्ता कापा, मी बघते' म्हणणारी बाई ती!

"नाही मिळणार," ती म्हणाली.

"एक कण गं."

"नाही म्हटलं ना! तुला बाधते. आणि मला पाठवलास ना? मग माझा आहे. सगळा मीच खाणार."

आणि तिने खाल्ला. पायरीसमोर उभ्या उभ्या, तो मिठाचा गोळा सगळा खाल्ला. मध्ये एकदा थांबली, डोळे मिटले, पुन्हा घास घेतला. शेवटी फडक्यावरचे कण बोटाने टिपून तेही तोंडात घातले, ओडीलच्या हाताला एकही लागू नये म्हणून. मी तोंड फिरवून रडले, ते मी लपवत नाही. ऑल्डनही दोरखंड सोडवायच्या निमित्ताने धक्क्यावर जाऊन उभा राहिला.

"हावरट," ओडील हसत म्हणाली. "लहानपणी पण अशीच होतीस. थांब, पाणी देते."

ती भिंतीला हात लावत आत गेली आणि कपाटातला पेला भरून घेऊन आली. माझ्याकडे बाटली होती. टँटीचीच, तिच्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्यावर. मी ती पुढे केली. टँटीने ती बाजूला सारली, बहिणीच्या हातातला पेला घेतला आणि तळाशी न बघता घटाघटा प्यायली. मग म्हणाली, "अजून दे."

याला आता वर्ष होईल. टँटी सुधारली असं कुणी समजू नये. खुर्च्या अजून उलट्या होतात, माझा केक अजून बोकडालाच जातो आणि फळी मीच सैल केली हे अजून ठरलेलंच आहे. फक्त महिन्यातून एकदा ती पेटीटला जाते. "लक्ष ठेवायला," असं म्हणते.

काल तिने मला फटीतूनच हाक मारली. ओडीलचा पत्र्याचा डबा समोर, शेजारी साखरेची पिशवी. ओडील करणार त्या केकसाठी डबा भरून टँटी यंदा स्वतः घेऊन जाणार आहे, ऑल्डनच्या हाती देणार नाही.

"चाख," तिने चमचा पुढे केला.

मी चाखली. "साखर आहे."

तिने स्वतः चाखली. पिशवीवरचं नाव वाचलं. मग डबा ओतून रिकामा केला, पुसला, पुन्हा भरला आणि पुन्हा चमचा माझ्यापुढे धरला.

"टँटी, साखरच आहे गं."

"दुकानातून मी आणली, मी भरली," ती म्हणाली. "माझा भरवसा नाही. पुन्हा चाख."